पोरांच्या हाती यंत्र द्या, पण प्रश्नही विचारू द्या



उसाला तोड मिळण्यापूर्वी शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, कांडीला टोचा मारतो, रसाचे दोन थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून आकडा वाचतो. आपल्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक आहे. बांधावर उभी असलेली आपली सहावी-सातवीतली पोरेही ते टक लावून बघत असतात. एखादे पोर हात पुढे करते आणि आपण म्हणतो, "हात लावू नको रे, महागाचं आहे!"

आमचे म्हणणे असे, की त्या पोराला हात लावू द्यावा. एवढेच नव्हे, तर ते यंत्र शाळेच्या अभ्यासात यावे.

नुसते यंत्र आले म्हणजे शिक्षण आले का?

हल्ली शाळेला संगणक मिळाला, भिंतीवर पडदा लागला की गावाला धन्यता वाटते. त्यात वाईट काही नाही. पण धूळ बसू नये म्हणून संगणक कपाटात, आणि पडद्यावरचे चित्र पाहून पोरे पुन्हा पाठांतराला, असे घडले तर पैसा वाया गेलाच म्हणायचा. ट्रॅक्टर अंगणात उभा करून रान नांगरले जात नाही. यंत्राला काम लागते, आणि शाळेत ते काम म्हणजे पोरांचा स्वतःचा प्रश्न.

प्रश्न कसा असावा, याचे आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. सातवीच्या वर्गाने विचारले, "ऊस शेंड्याला गोड की बुडख्याला?" उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. पण पोरांनी ते मोजून काढावे. आधी स्वच्छ पाणी टाकून यंत्राचा आकडा शून्यावर येतो का बघावे. मग एकाच उसाच्या शेंड्याचा, मधला आणि बुडख्याचा रस घ्यावा. असे दहा ऊस तपासून तक्ता करावा, सरासरी काढावी. कोवळ्या उसात शेंडा आणि बुडखा यांत मोठा फरक दिसेल. ऊस पक्व होत जाईल तसा तो कमी होत जाईल. गणितातली सरासरी कशासाठी शिकायची, हे तेव्हा कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

दोन पोरांचे आकडे जुळणार नाहीत. इथेच खरी शाळा सुरू होते. एकाने बांधाकडचा ऊस घेतला होता काय? कालच पाणी दिले होते काय? साधे मीटर उन्हात तापले तरी आकडा बदलतो. तेव्हा गुरुजींनी उत्तर सांगून मोकळे होऊ नये, "पुन्हा मोजा" म्हणावे.

आकडा वाढला, साखर घटली

आता त्याहून अवघड प्रश्न. तोडलेला ऊस चार दिवस उन्हात ठेवून रोज ब्रिक्स बघितला तर आकडा वाढलेलाही दिसू शकतो. मग शिळा ऊस जास्त गोड म्हणायचा का? त्याच उसाचे पोरांनी रोज वजनही केले, तर वजन उतरत चाललेले दिसेल. पाणी उडाले, रस दाट झाला, म्हणून आकडा चढला. शिवाय ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ, केवळ साखर नव्हे. शिळ्या उसातली साखर फुटून तिची अशी साखर होते, की जिचे दाणे धरत नाहीत. खरी साखर किती उरली हे पाहायला कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पोलॅरिमीटर लागतो.

वजन घटले तर नुकसान सभासदाचे. उतारा घटला तर कारखान्याचे, म्हणजे फिरून सभासदाचेच. यंत्राचा आकडा खोटा नव्हता, आपण त्याला अपुरा प्रश्न विचारला होता. बाराव्या वर्षी हे उमगलेले पोर उद्या वजनकाट्यावर, बँकेत आणि औषधाच्या दुकानातही डोळे उघडे ठेवील.

होशंगाबादचा धडा

असे शिक्षण सरकारी शाळेत जमते का, असे कोणी म्हणेल. ते जमलेले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञान सुरू केले. १९७८ साली ते जिल्हाभर गेले. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे ते सांभाळले आणि वाढता वाढता हजारावर शाळांपर्यंत पोचवले.

'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक. त्यात तयार उत्तरे नसत. चार-चार पोरांची टोळी प्रयोग करी आणि उत्तर स्वतःच्या वहीत लिही. पोरे शेतात, ओढ्यावर हिंडून निरीक्षण करीत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा होती, प्रयोगाची परीक्षा वेगळी. पोरे 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्राने शंका विचारीत आणि त्यांना उत्तरे येत. साहित्य साधेच असे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून आकृत्या करण्याची अरविंद गुप्तांची युक्ती याच कामातली.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. म्हणून चांगली गोष्ट टिकवायची तर पालकांनी तिच्यामागे उभे राहिले पाहिजे. नुसते "मार्क किती पडले?" विचारून भागणार नाही.

आपल्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ते पालक म्हणजे आपणच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे आणि कामाच्या ठिकाणी शिकण्यासाठी सुचवले आहेत. २०१६ पासून निवडक शाळांना सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅबही मिळू लागल्या. गावात अशी लॅब असेल तर तिची किल्ली कोणाकडे असते आणि ती किती वेळा उघडते, हे समितीच्या बैठकीत विचारा.

त्या दहा दिवसांपैकी दोन दिवस आपल्या फडात आणि एक दिवस कारखान्याच्या प्रयोगशाळेत घालवायला काय हरकत आहे? दोन गुंठे ऊस पोरांना मोजायला द्या. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसवा आणि रोजची नोंद पोरांनाच ठेवू द्या. मोबाईलही उपयोगी पडेल, दर सोमवारी त्याच रोपाचा फोटो काढायला.

आणि घरी पोर विचारील, "आबा, खोडव्याचं एकरी उत्पादन कमी का पडतं?" तेव्हा "गप बस" म्हणू नका. ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर म्हणा, "चल, मोजून बघू."