गाडीला नवा एअर फिल्टर बसवताय? आधी त्याचं तोंड कुठं आहे ते बघा

गगनबावडा / प्रतिनिधी : मे महिना संपत आला की तालुक्याच्या गॅरेजमध्ये दोन प्रकारची गिऱ्हाइकं दिसतात. एक वायपर, टायर, ब्रेक बघून घेणारी. दुसरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत "मेस्त्री, असला फिल्टर बसवा, गाडी लई भारी ओढती म्हणं" असं सांगणारी. तीच दुसरी गाडी जुलैत दोरीनं ओढत परत येते. बोनेट उघडलं की मेस्त्री पहिल्यांदा हात घालतो तो त्याच फिल्टरला, आणि तो चिंब असतो.

वडाप, दुधाचा पिकअप किंवा घरची एकच गाडी असलेल्यांना हा खेळ परवडणारा नाही. इंजिन पूर्ण खोलायची वेळ आली तर खर्च हजारात राहत नाही, आणि गाडी उभी राहते तेवढे दिवस धंदा बंद.

इंजिन नाक उघडं ठेवून चालतं, हे आधी लक्षात घ्यावं लागेल. दीड लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर फिरत असताना मिनिटाला साधारण १५०० लिटर हवा आत ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीच्या दीडपट. टर्बो असेल तर याहून जास्त. एवढ्या जोरानं ओढणाऱ्या पाईपचं तोंड पाण्याला टेकलं, तर हवेऐवजी पाणी आत जायला क्षणही लागत नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तीन सिलिंडरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात एका सिलिंडरमध्ये ५०० मिलिलिटर हवा भरते. पिस्टन वर आला की ती हवा साधारण ३३ मिलिलिटर जागेत दाबली जाते. म्हणजे अर्धा कटिंग चहासुद्धा नाही. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. इंजिन जोरात फिरत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. गॅरेजवाले याला हायड्रोलॉक म्हणतात.

म्हणून कंपनी हवेचं तोंड बहुतेक वेळा वर ठेवते, हेडलाईटच्या मागं किंवा ग्रिलच्या वरच्या बाजूला. तिथून पाईप वळून बंद डब्यात जातो. डब्याच्या तळाला पाणी निघायला छोटं भोक किंवा रबरी तोंड असतं. दिसायला साधा काळा प्लास्टिकचा डबा, पण पावसाचा विचार करूनच केलेला असतो. ते भोक चिखलानं बुजलंय का, एवढं जरी पावसाळ्याआधी बघितलं तरी चांगलं काम झालं.

आता बाजारात मिळणारे प्रकार बघू.

सगळ्यात धोक्याचा म्हणजे लांब पाईपचा कोन फिल्टर. थंड हवा मिळावी म्हणून याचा पाईप बंपरच्या मागं, चाकाच्या कोपऱ्यात खाली उतरवतात. थंड हवेचा फायदा खरा आहे, कोरड्या मुलखात, डांबरी रस्त्यावर. पण आपल्याकडं चाकानं उडालेला चिखल थेट तिथंच बसतो आणि फूट-दीड फूट पाण्यातही फिल्टर बुडतो. समोरून एसटी किंवा ट्रक आला तर त्याच्या लाटेनं पाणी आणखी वर चढतं, हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. फिल्टरवर चढवायची कापडी टोपी मिळते. ती उडालेले शिंतोडे अडवते, बुडालेला फिल्टर वाचवत नाही.

दुसरा आखूड पाईपचा, बोनेटखालीच बसणारा कोन. तोंड वर असल्यानं पाण्याचा धोका कमी. पण डबा काढून टाकल्यामुळं तो इंजिनभोवतीची गरम हवा ओढतो आणि ताकद वाढायच्या ऐवजी घाटात कमी पडू शकते. वाढतो तो आवाज. पोरांना तोच आवडतो, हेही खरं. कंपनीच्या ट्यूनिंगमध्ये चालणाऱ्या डिझेल गाडीला नुसता फिल्टर बदलून जाणवेल एवढा फरक पडत नाही.

तिसरा प्रकार कंपनीच्याच डब्यात बसणारा, धुऊन परत वापरायचा कापडी फिल्टर. काही बदलायचंच असेल तर पावसाच्या भागात हाच त्यातल्या त्यात बरा, कारण तोंड आणि डबा जागच्या जागी राहतात. याला तेल लावावं लागतं. जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी झटके देते. शिवाय बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा पुढं असतो. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतरस्त्याला गाडी फिरणार असेल तर कागदीच ठेवावा. कागदी फिल्टर भिजला मात्र फेकून नवा घालावा. उन्हात वाळवून परत घालू नये.

चौथा स्नॉर्कल, काचेच्या बाजूनं छतापर्यंत जाणारा पाईप. खरोखर पाण्यासाठी केलेला हा एकच प्रकार, पण बसवणं नीट पाहिजे. डब्याचं आणि पाईपचं एकही जोड ढिलं राहिलं तर पाणी तिथूनच आत येतं. तपासायची रीत सोपी आहे : गाडी नुसती चालू ठेवून मेस्त्रीनं वरचं तोंड क्षणभर तळहातानं बंद करायचं. इंजिन बंद पडायला आलं तर जोड पक्के. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय. नुसत्या दिखाव्याचे, आतून डब्याला न जोडलेले स्नॉर्कलही विकले जातात, ते घेताना फसू नये.

स्नॉर्कल लावला म्हणून पुरात गाडी घालायची नाही. अल्टरनेटर, वायरिंग, इंजिनचा कॉम्प्युटर हे खालीच असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला होता. मांडुकलीसारख्या ठिकाणी रस्त्यावर पाणी आलं की वाहतं पाणी गाडी उचलून बाजूला नेतं, तिथं फिल्टरचा प्रश्नच उरत नाही.

काही बसवायच्या आधी टेप घेऊन जमिनीपासून हवेच्या तोंडापर्यंतची उंची मोजावी. नवीन तोंड जुन्यापेक्षा खाली येत असेल तर सौदा तिथंच सोडावा.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरचा फिल्टर दिसला तर कंपनी इंजिनचा दावा नाकारू शकते. साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेलं इंजिन बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला बरा. मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, म्हणून बॉडी कापून काही बसवायचं असेल तर आधी आरटीओत विचारावं.

एवढं करूनही गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही. निम्मी इंजिनं पाण्यानं नाही, "एकदा मारून बघू" म्हणून मारलेल्या स्टार्टरनं जातात. गाडी ढकलून बाहेर काढावी, बॅटरीची वायर सोडावी आणि एअर फिल्टर उघडून बघावा. फिल्टर कोरडा असेल तर बिघाड बहुधा वायरिंगमध्ये आहे. ओला असेल तर गाडी दोरीनंच गॅरेजला न्यावी, गिअरमध्ये टाकून ढकलस्टार्टही करू नये. मेस्त्री ग्लो प्लग किंवा स्पार्क प्लग काढून इंजिन हातानं फिरवतो आणि आतलं पाणी बाहेर काढतो. ऑइलची पट्टी काढून बघावी. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नये.