धड्याआधीची दहा मिनिटे

इंग्रजी शिकायची की नाही, हा वाद आपल्या समाजाने केव्हाच निकालात काढला आहे. सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहातच शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला होता. महाराष्ट्र सरकारला मात्र पहिलीपासून इंग्रजी सुरू करायला २००० साल उजाडावे लागले. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला, तेव्हा मराठी बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांत स्वतःची मुले कॉन्व्हेंटात घालणारेही होते. हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण पहिलीपासून इंग्रजी येऊनही आपल्या वस्तीतला दहावीचा मुलगा इंग्रजीचे एक अनोळखी पान स्वतःच्या बळावर वाचू शकतो काय? बहुतेक ठिकाणी नाही. हा मुलाच्या बुद्धीचा दोष आहे, असे मानायला आम्ही तयार नाही. दोष आहे तो धडा उघडण्याआधीच्या दहा मिनिटांत. ती दहा मिनिटे आपल्या शाळांत कशी जातात ते पाहा. सर किंवा मॅडम फळ्यावर वीस-पंचवीस शब्द लिहितात, समोर मराठी अर्थ लिहितात, मुले ‘शब्दार्थ’ असे शीर्षक देऊन उतरवून घेतात. मग सर एकेक ओळ वाचतात आणि तिचे मराठी सांगतात. मुलाने स्वतः वाचले कधी? वाचलेच नाही. परीक्षेत उत्तर गाईडमधून येते आणि पास होऊन मुलगा अकरावीत जातो, तिथे पहिल्याच पुस्तकाशी त्याची गाठ पडते आणि तो गारद होतो.

उलट टोकाचे तज्ज्ञही आहेत. ते म्हणतात, शब्द आधी सांगूच नका, मुलांना संदर्भावरून अंदाज करू द्या. ऐकायला हे फार पुरोगामी वाटते. परंतु अंदाज करायलाही हाताशी भांडवल लागते. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली याची तपासणी केली. एका गोष्टीतले शंभरातले सुमारे ९८ शब्द ठाऊक असतील, तर बहुतेक वाचकांना ती मदतीविना नीट समजते. शंभरातले ८० च ठाऊक असतील, तर कुणालाच पुरेशी समजली नाही. आता हिशेब करा. २०० शब्दांचे पान घेतले, तर पहिल्या वाचकापुढे ४ अनोळखी शब्द आहेत आणि दुसऱ्यापुढे ४०. ज्या घरात इंग्रजी पेपर येतो, आई-वडील इंग्रजीत बोलतात, तिथला मुलगा ४ शब्दांचा अंदाज सहज करील. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला ४० शब्दांच्या रानात सोडून ‘ओळख बघू’ म्हणणे ही समता नव्हे!

म्हणजे शब्द आधी शिकवायचे. पण कोणते? इथेच सारी मेख आहे. पंचवीस शब्द दहा मिनिटांत कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. पाच-सहा निवडावे लागतात, आणि ते लांबलचक किंवा अवघड दिसतात म्हणून निवडायचे नसतात. ज्या शब्दावाचून गोष्टच कळणार नाही तो घ्यावा. शेजारच्या वाक्यावरून कळेल तो सोडून द्यावा. आणि सर्वांत जास्त जपायचे ते ओळखीचे सोंग घेऊन आलेल्या शब्दाला, कारण त्याच्यापाशी मुलगा थांबतच नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचे छोटेसे पुस्तक दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर कुणालाही घेता येते. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापले गेले नव्हते. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातही ते वाचायला लावतात. त्याची इंग्रजी साधी आहे, वाक्ये लहान आहेत. नागपुरात अनेक विहारांत रविवारचे वर्ग चालतात, तिथल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी याहून चांगला धडा आम्हाला सुचत नाही.

यातला ‘टँक’ हा एकच शब्द घ्या. आपल्या मुलाला तो येतो असे त्याला वाटते, कारण घराच्या स्लॅबवर काळी प्लॅस्टिकची टाकी आहे. पहिल्या प्रकरणात लहानगे भीमराव वडिलांना भेटायला निघतात. वडील दुष्काळी कामावर रोखपाल आहेत, आणि ते काम आहे ‘टँक’ खोदण्याचे. टाकी कशी खोदणार? तो तलाव आहे. आपल्याच अंबाझरीला जुन्या इंग्रजी कागदांत ‘टँक’ म्हटलेले सापडते, महाडच्या चवदार तळ्यालाही तोच शब्द. पुढे १९३४ सालच्या दौलताबादच्या प्रसंगात ‘टँक’ पुन्हा येतो. तिथे तो किल्ल्याच्या दाराशी असलेला पाण्याचा हौद आहे. प्रवासाची धूळ धुवायला बाबासाहेबांबरोबरच्या काही मंडळींनी त्या हौदातले पाणी घेतले आणि गदारोळ उसळला. टाकी, तलाव, हौद ही तीन चित्रे फळ्यावर काढायला दोन मिनिटे पुरतात. ती काढली नाहीत, तर मुलगा दोन्ही ठिकाणी स्लॅबवरची टाकीच पाहत राहील.

त्याच प्रसंगात ‘पोल्यूट’ हे क्रियापद आहे. आजच्या मुलाने ते परिसर अभ्यासात पाठ केले आहे: कारखान्याचा धूर, नाग नदीतले सांडपाणी, प्रदूषण. तो वाचील की या लोकांनी पाणी प्रदूषित केले, आणि त्याला वाटेल की साबण लावला असेल, कचरा टाकला असेल. म्हणजे तक्रार करणाऱ्यांचीच बाजू त्याला रास्त वाटेल! तिथे अर्थ आहे ‘विटाळ’. हा मराठी शब्द शिक्षकाने उच्चारला नाही, तर सगळा धडा उलटा वाचला जातो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नका, असे सांगणाऱ्या साहेबांना आम्ही एवढेच विचारतो की ‘विटाळ’ दुसऱ्या कोणत्या भाषेत समजावून सांगाल?

सगळेच शब्द मात्र शिकवत बसू नये. ‘स्टेशन मास्टर’, ‘टांगा’, ‘फेअर’ यांना हातही लावू नका. ‘टोल कलेक्टर’ला काय शिकवायचे, टोल नाका ठाऊक नसलेले पोर नागपूरच्या आसपास मिळणे कठीण. आपल्या वस्त्यांत इंग्रजी शब्दांची गरिबी आहे हा समजच खोटा आहे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने इथल्या घराघरांत शिफ्ट, बोनस, युनियन, लॉकआऊट हे शब्द पोहोचवले. मेडिकलच्या रांगेने वॉर्ड, एक्सरे, डिस्चार्ज शिकवले, आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मने अॅफिडेव्हिट, व्हॅलिडिटी, डोमिसाइल. ज्या आजीला सही येत नाही तिलाही ‘व्हॅलिडिटी’ कळते. शिक्षकाने आधी हे घरचे शब्द मुलांकडून वदवून घ्यावेत. मुलगा ताठ बसतो.

शीर्षकातला ‘व्हिसा’ सर्वांत आधी घ्यावा. परक्या देशात शिरायला लागणारा परवाना, एवढेच सांगावे. मग विचारावे, आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस कोण असेल? उत्तर देऊ नये. ते शोधण्यासाठी मुलगा पान उलटील. नवे शब्द सांगण्याच्या निमित्ताने सगळी गोष्टच सांगून टाकणारे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मग वाचायला उरते काय?

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलांना त्या काळात इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत पडले, आणि त्यांनी अशी वाचनमाला तयार केली की नवे शब्द थोडे थोडे येतात आणि पुन्हापुन्हा भेटतात. यातले ‘पुन्हापुन्हा’ महत्त्वाचे. रविवारी शिकवलेले पाच शब्द पुढच्या रविवारी वहीत न बघता विचारा, चौथ्या रविवारी पुन्हा विचारा. आधी कानाने ऐकवा, तोंडाने म्हणून घ्या, स्पेलिंग मागाहून.

चाळीसगावच्या प्रसंगासाठी एकच शब्द पुरे आहे, ‘कल्व्हर्ट’. डिक्शनरीत मिळणाऱ्या अर्थाने मुलगा आणखी गोंधळेल. आपल्याकडे सरळ ‘पुलिया’ म्हणतात. फळ्यावर नदी काढा, तिच्यावर बिनकठड्याची पुलिया काढा, कडेला अंतराअंतरावर दगड काढा. १९२९ साली बाबासाहेबांना नेणाऱ्या टांग्याचे चाक त्यातल्याच एका दगडावर आदळले. टांगा हाकणारा नवखा का होता, हे मुलांना वाचू द्या.