पाणी कोठे अडले?

कोकणातील नारळी-पोफळीच्या बागेत शिंपणे चालू असते तेव्हा पाण्याचा प्रवास पाहण्यासारखा असतो. विहिरीवरील रहाटाचे लोटे भरून वर येतात व पन्हळीत रिते होतात. पन्हळीतून पाणी पाटात उतरते, पाटाला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका झाडाच्या आळ्यापर्यंत जातो. आता रहाटाची जागा बहुतेक ठिकाणी विजेच्या पंपाने घेतली आहे. परंतु पाण्याची वाट बदललेली नाही. एखादे आळे कोरडे राहिले, तर जाणता बागाईतदार घाईने विहीर उपसू लागत नाही, की झाडालाही दोष देत नाही. तो विहिरीपासून निघतो आणि पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. पाणी कोठवर आले आहे, एवढेच तो पाहतो. जेथे ओल संपते तेथेच दोष असतो. कधी झावळीचा तुकडा आडवा आलेला असतो, तर कधी खेकड्याने पाटाची कड पोखरलेली असते. दोष सापडला म्हणजे तो दूर करणे हे बहुधा क्षणाचे काम असते. खरे कौशल्य लागते ते दोष शोधण्यास.

हीच रीत आजच्या एका निराळ्या प्रवाहालाही लागू पडते. तो प्रवाह म्हणजे इंटरनेट होय. भारतात विदेश संचार निगम या संस्थेने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सर्वसामान्य लोकांना खुली केली. आज समुद्राच्या तळाशी व जमिनीखाली काचेचे केसासारखे बारीक तंतू घातलेले आहेत. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने संदेश धावतात. काचेतून प्रकाश दर सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो; त्यामुळे मुंबईहून रत्नागिरीला संदेश येण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. या महामार्गाचा शेवटचा फाटा तारेच्या रूपाने घरात येतो.

या प्रवाहाचे मोल कोकणातील मुलांना २०२० साली चांगलेच कळले. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि पुढे पाठ मोबाइलवरून होऊ लागले. डोंगरांच्या कुशीत वसलेल्या अनेक वाड्यांत मोबाइलच्या लहरी नीट पोहोचत नसत. त्यामुळे मुलांना पुस्तके घेऊन टेकडीवर जाऊन बसावे लागे. त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा काळात ज्या घरी इंटरनेटची एखादी तार शाबूत होती, ते घर भाग्याचेच म्हणावे लागेल.

त्या पावसाळ्यातील अशाच एका घराची कल्पना करावी. घर रत्नागिरी शहराबाहेरचे, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेले. ओटीवर वडिलांचा संगणक असून इंटरनेटची तार थेट त्या संगणकालाच जोडलेली आहे. वडिलांचे कचेरीचे काम दिवसभर त्यावर चालते. मुलगी सातवीत आहे. तिची चाचणी अकरा वाजता सुरू व्हावयाची आहे व ती तिने मोबाइलवरून द्यावयाची आहे. घरात मोबाइलच्या लहरी येत नाहीत. म्हणून संगणकाला आलेला प्रवाहच बिनतारी मार्गाने मोबाइलला वाटून दिलेला आहे. परंतु दहा वाजले तरी मोबाइलवर एकही पान उघडत नाही. मुलगी रडकुंडीस आली आहे.

हा प्रवाह वाटला जातो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. संगणकाला दोन दरवाजे असतात. एका दरवाजातून तार आत येते. दुसरा दरवाजा बिनतारी असतो. त्यातून रेडिओच्या जातीच्या लहरी बाहेर पडतात. या पद्धतीचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि १९९९ पासून ती वायफाय या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या एका प्रकारच्या लहरी दर सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने करतात व त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. बहुतेक घरांत प्रवाह वाटण्याचे काम राउटर नावाची लहानशी पेटी करते. पण ती नसेल तेव्हा संगणकालाही हे काम सांगता येते.

वाटणारा संगणक तीन कामे करतो. पहिले, तो आपले नाव लहरींवरून पुकारीत राहतो आणि परवलीचा शब्द जाणणाऱ्यालाच आत घेतो. दुसरे, आत आलेल्या प्रत्येक यंत्राला तो एक क्रमांक देतो. तिसरे, त्या यंत्राची मागणी तो स्वतःच्या क्रमांकाने बाहेर पाठवितो आणि उत्तर आले म्हणजे ज्याचे त्याला पोहोचवितो.

यांपैकी क्रमांकाची योजना मोठी मनोरंजक आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच क्रमांक होऊ शकतात. जगातील सर्व यंत्रांना ते पुरणे शक्य नव्हते. म्हणून काही क्रमांक केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक त्यांतलेच होत. ते कोणत्याही घराने खुशाल वापरावेत. घरोघरी एखादी ताई असते व एखादा बाळ असतो. त्यामुळे घरात कधी घोटाळा होत नाही. पण टपालाच्या पाकिटावर नुसते ताई असे लिहून भागत नाही. तेथे पूर्ण नाव व पत्ता लागतो. घरगुती क्रमांक म्हणजे अशी घरातली हाक होय आणि बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार करणारा संगणक म्हणजे घरचा कर्ता पुरुष होय.

आता त्या घराकडे वळू. मुलीने मोबाइल तीन वेळा बंद करून सुरू केला होता, परवलीचा शब्दही बदलून पाहिला होता. पण यश आले नव्हते. तेवढ्यात बागेतून आलेल्या आजोबांनी विचारले, “काय झाले, बाळ?”

“आजोबा, इंटरनेट बंद पडले आहे. माझी चाचणी बुडणार!”

संगणकाशी आजोबांचा कधी संबंध आलेला नव्हता. तरी त्यांनी शांतपणे एकच प्रश्न केला, “पाणी कोठवर आले आहे?”

मुलगी क्षणभर थांबली आणि मग आजोबांच्या म्हणण्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला. तिने विहिरीपासून आरंभ केला. संगणकावर एक पान उघडून पाहिले. ते तत्काळ उघडले. म्हणजे विहिरीला पाणी होते. ते उघडले नसते, तर मोबाइलशी झटापट करणे व्यर्थच ठरले असते. तेव्हा तारेचे टोक नीट बसले आहे काय, खोबणीजवळचा दिवा लागला आहे काय, हे पाहावे लागले असते. समुद्राकाठच्या दमट व खाऱ्या हवेने धातूचे सांधे गंजतात, हेही अशा वेळी विसरू नये.

दुसरा प्रश्न असा की, मोबाइलला संगणकाचे नाव दिसते काय? दिसत नसेल तर दोष बिनतारी दरवाजात असतो. तो दरवाजा बंद असेल, अथवा त्याचे नियंत्रण करणारी आज्ञावली जुनी झाली असेल. काही संगणकांचा हा भाग दुसऱ्याची हाक ऐकू शकतो, पण स्वतः हाक देऊ शकत नाही. कधी अडथळा भिंतीचाही असतो. जांभ्याच्या जाड भिंती या लहरी क्षीण करतात. त्यात त्या पावसाने ओलावल्या असतील तर अधिकच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. याची परीक्षा सोपी आहे. मोबाइल संगणकाच्या अगदी जवळ नेऊन पाहावा. तेथे नाव दिसले, तर दोष यंत्राचा नसून अंतराचा आहे. मुलीला मात्र नाव स्पष्ट दिसत होते.

तिसरा प्रश्न परवलीच्या शब्दाचा. येथे एका अक्षराचाही फरक चालत नाही. मोठी व लहान रोमन अक्षरेही वेगळी मानली जातात. मुलीने मघाशी संगणकावर जो नवा शब्द ठरविला होता, तोच मोबाइलवर काळजीपूर्वक लिहिला. तो मान्य झाला.

चौथा प्रश्न क्रमांकाचा. मोबाइलला मिळालेला क्रमांक तिने पाहिला. तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होत होता. म्हणजे येथवर पाट मोकळा होता. पुष्कळ यंत्रे क्रमांक मागूनही कोणी दिला नाही, तर १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक स्वतःच धारण करतात. तो दिसला म्हणजे क्रमांक देणारी व्यवस्था झोपी गेली आहे, किंवा संगणकाच्या संरक्षक भिंतीने तिची वाट अडविली आहे, असे समजावे.

पाचव्या प्रश्नाशी मात्र ओल संपली. बाहेरच्या जगातील एका संगणकाचा क्रमांक तिने मोबाइलवर थेट लिहून पाहिला. उत्तर आले नाही. क्रमांकाने उत्तर आले असते आणि केवळ नावाने पान उघडले नसते, तर नावावरून क्रमांक सांगणाऱ्या सेवेचा दोष ठरला असता. येथे तसे नव्हते. विहिरीला पाणी होते व आळ्यापर्यंतचा पाटही मोकळा होता. तेव्हा दोष या दोहोंच्या मध्ये, म्हणजे संगणकाच्या आत, दोन दरवाजे जोडणाऱ्या ठिकाणीच असला पाहिजे.

तिने वडिलांना बोलाविले. दोघांनी मिळून वाटणीची मांडणी उघडली. कोणत्या जोडणीतून प्रवाह वाटावयाचा, हे तेथे लिहिलेले असते. वादळी वाऱ्याने चार दिवस तार तुटली होती, तेव्हा वडिलांनी गावातल्या मित्राच्या घरी बसून एका लहान मोबाइल जोडणीवर काम भागविले होते. त्या वेळी वाटणीची खूण त्या जोडणीवर केली होती. पुढे तार दुरुस्त झाली; पण खूण तशीच राहिली आणि त्या जोडणीचे पैसे तर केव्हाच संपले होते.

“म्हणजे पाट कोरड्या विहिरीला जोडला होता की!” आजोबा हसून म्हणाले.

वडिलांनी खूण तारेच्या जोडणीवर केली. मोबाइलवर पान उघडले. घड्याळात अकरा वाजावयास दहा मिनिटे होती.

या शोधात मुलीने दोन नियम पाळले. तिने एका वेळी एकच गोष्ट तपासली आणि जेथे दोष नाही असे दिसले, तेथे हात लावला नाही. प्रथम तिने घाईघाईने परवलीचा शब्द बदलला होता. त्याने मूळ दोष तर गेला नाहीच, उलट नवा दोष मात्र निर्माण झाला असता. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर काम कशाने झाले हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे सारे पहिल्यापासून करावे लागते.

वाटून घेण्यालाही मर्यादा असतात. तार एकच असल्यामुळे एकाने मोठे चित्रपट पाहिले, तर दुसऱ्याचा पाठ अडखळतो. वाटणारा संगणक झोपी गेला, तर सर्वांचाच प्रवाह थांबतो. परवलीचा शब्द अनोळखी माणसास सांगू नये. कारण त्याने गैरकृत्य केले, तर पहिली चौकशी जोडणीच्या मालकाकडेच होते.

त्या दिवशी चाचणी आटोपल्यावर मुलगी धावत बागेत गेली. आजोबा एका कोरड्या आळ्याकडे जाणाऱ्या पाटाच्या कडेने सावकाश चालत होते. ती काही न बोलता त्यांच्यामागून चालू लागली.