बुलेटची किक

धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा अशा डांबरी सडकेने जाताना कोणतेही वाहन आपला आब राखून असते. परंतु परंडा-भूमकडील शेतवाटेवर मडगार्डात थापला जाणारा काळ्या रानाचा चिखल आणि उन्हाळ्यातला फुफाटा यांच्याशी गाठ पडली म्हणजे यंत्राची खरी जात कळते. अशा वाटांसाठीच घडविलेल्या हलक्या मोटारसायकली परदेशांत असतात. आपल्या मुलखात ते काम ज्या बुलेटने पत्करले, ती १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली, अंगाने भारी आणि स्वभावाने संथ. ७० मिलिमीटर व्यासाचे, ९० मिलिमीटर धावेचे, ३४६ घनसेंटिमीटरचे एकच सिलिंडर आणि जड फ्लायव्हील, यांमुळे कमी फेऱ्यांतही तिची ओढ तुटत नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने तिला जागे करणे हा बळाचा विषय राहत नाही.

चावी फिरवावी, किक हळूहळू दाबत जावी आणि पायाला कॉम्प्रेशनचा अडसर लागला, अँपमीटरचा काटा मध्यावर आला, की डावीकडचा डिकॉम्प्रेसर ओढून, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून कोंडलेल्या हवेला वाट देऊन, पिस्टन शिखराच्या जरासा पलीकडे न्यावा. मग लीव्हर सोडून, किक वर येऊ देऊन, एकच भरदार लाथ. ही रीत न पाळता जो घाईने लाथ मारतो, त्याला किक उलटून घोट्याशी हिशेब चुकता करते. आता बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आल्याने ही विद्या निरुपयोगी ठरत आहे, याचा मला फारसा खेद नाही. घोट्याला तर मुळीच नसावा.

नव्या, किंवा बोअर करून नवे पिस्टन-रिंगा बसविलेल्या इंजिनाची तालीम मात्र टाळता येत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या सूक्ष्म आडव्या-तिरक्या रेघांवर रिंगा घासून जोवर बसत नाहीत, तोवर उष्णता अधिक निर्माण होते. आणि हे इंजिन हवेने थंड होणारे, तर इथला वैशाखातला वारा चाळीस अंशांपलीकडचा. अशा दिवसांत पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून नांगरटीतून गाडी रेटली, तर पिस्टन फुगून जाम होण्याची धास्ती असते. उलट, केवळ जपून, एकाच मंद चालीने महिनोन्‌महिने हाकणाराही चुकतो: भिंत काचेसारखी गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत आणि तेल जळून निळा धूर निघू लागतो. थ्रॉटल अर्ध्याच्या आत, चाल सतत बदलती, मागच्या सीटवर कोणी नको, आणि झिजेचा बारीक कीस धरलेले पहिले तेल लवकर बदललेले, एवढा शिरस्ता पुरतो.

बंद करताना चावीइतकेच पेट्रोलच्या नळाकडे लक्ष हवे. कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई झिजली असेल, तर उघड्या नळातून रात्रभर पेट्रोल झिरपते आणि सकाळी ओला प्लग ठिणगी देत नाही. तेव्हा नळ बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, डिकॉम्प्रेसर धरून आठ-दहा पोकळ किका माराव्यात आणि प्लग पुसून पुन्हा काट्याकडे पाहावे.