पट्टीचे तास

चार वर्षांच्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची आणि कमी दिसणाऱ्या डोळ्याने त्याला दिवसातले काही तास वावरायला लावायचे, एवढाच हा उपचार. शस्त्र नाही, सुई नाही. दवाखान्यातून निघताना तो इतका सोपा वाटतो, की चिठ्ठीवरची ‘रोज दोन तास’ ही ओळ आईवडील मान डोलावून घरी नेतात. दुसऱ्या दिवशी मूल रडते, पट्टी ओरबाडून काढते, खेळणी टाकून कोपऱ्यात बसते. आठवडाभरात पट्ट्यांचे पाकीट कपाटात जाऊन पडते. पुढच्या तपासणीत नजर तिथल्या तिथेच असते आणि बोल लागतो तो मुलाच्या हट्टाला किंवा आईच्या ढिलाईला. मला वाटते, चूक आणखी आधी झालेली असते. या उपचारातले औषध म्हणजे पट्टीआड प्रत्यक्ष भरलेले तास. ते घरात घडवावे लागतात, आणि ते घडवण्याच्या कष्टाला उपचाराचा भाग मानल्याशिवाय हा हिशेब जुळणार नाही.

या विकाराला आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो, वैद्यकात अँब्लायोपिया. साधारण शंभरांतल्या दोन-तीन मुलांना तो असतो. बोली नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण डोळा बहुधा धडधाकट असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मतः मोतीबिंदू असला, की मेंदूकडे एका बाजूने धूसर किंवा न जुळणारे चित्र जाते. वाढत्या वयाचा मेंदू ते चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर विसंबायला शिकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी शिवून ठेवली. पुढे डोळा उघडला तरी मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. मोठ्या मांजरांत मात्र असे झाले नाही. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. चांगला डोळा झाकण्याचा सल्ला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ सालीच दिला होता; तो का लागू पडतो हे या संशोधनाने उलगडले. मेंदूला सोडून दिलेली वाट पुन्हा चालायला लावायची तर ती रोज, पुरेसा वेळ चालावी लागते. म्हणून इथे मात्रा मोजायची ती तासांत.

या तासांविषयी बरीच माहिती हाती आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा. नुसत्या चष्म्याने काही आठवड्यांत नजर सुधारू लागते आणि काही मुलांना पट्टीची गरजच उरत नाही. उरली तर किती तास? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यम स्वरूपाचा विकार असलेल्या सात वर्षांखालच्या मुलांपैकी काहींना रोज दोन तास तर काहींना सहा तास पट्टी सांगितली गेली. चार महिन्यांनी दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली. पुढच्या वर्षी लंडनच्या एका अभ्यासाने पट्टीत मोजयंत्र बसवून ती खरोखर किती वेळ लागते हे नोंदवले. सहा तास सांगितले असता मुलांनी सरासरी निम्म्याच्या आसपासच वेळ ती लावली होती. आणि नजर सुधारली ती प्रत्यक्ष लावलेल्या तासांच्या प्रमाणात. हे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले, की पाळता येतील असे दोन तास हे न पाळता येणाऱ्या सहा तासांपेक्षा मोलाचे ठरतात. विकार तीव्र असेल तर तास वाढतात, पण तर्क तोच राहतो.

आता हे दोन तास घरात कसे दिसतात ते पाहू. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल कडेने डोकावते, म्हणून ती कातडीवर चिकटवून वर चष्मा घालतात. उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात, कातडी लाल होते. ओढून काढली तर दुसऱ्या दिवशी मूल पट्टी बघूनच पळते. कडांना ओले बोट लावून ती सावकाश सोडवावी लागते. पहिले दिवस सर्वांत कठीण, कारण मुलाला खरोखरच कमी दिसत असते. ते दारावर आपटते, ताटातला घास चुकतो. जिना, रस्ता, सायकल यांपासून त्याला तेवढा वेळ जपावे लागते. म्हणजे मोठ्या माणसाने शेजारी बसायचे. मटार सोलायचे, मणी ओवायचे, चित्रे रंगवायची. असे जवळचे बारीक काम दिल्याने नजर अधिक सुधारते का, हेही तपासून झाले आहे. तसा फरक आढळला नाही. मटाराचे काम एवढेच, की त्यात मूल पट्टी विसरते. माणसाची सोबत हाच इथला खरा खर्च, आणि तो कुठल्याच पावतीवर येत नाही.

मुलाला समजेल इतके मोठे होईपर्यंत थांबावे, असे सुचवले जाते. सात ते बारा वर्षांच्या मुलांनाही उपचाराचा फायदा होतो, हे खरे. उशीर झालेल्या पालकांनी आशा सोडू नये. पण लहान वयात मेंदू अधिक ऐकतो, आणि थांबण्याचे दर वर्ष पुढचे काम अवघड करते. शिवाय मुलाला समजत नाही हे गृहीतकच तपासायला हवे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शब्दांविना, चित्रांतून गोष्ट सांगणारे पुस्तक मुलांना दिले, तेव्हा पट्टी लावण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. दुसरा आक्षेप प्रेमापोटी येतो: एका डोळ्याने छान दिसते, मग छळ कशाला? घरातली वडीलधारी माणसे तर थोडा तिरळेपणा भाग्याचा मानतात. पण दोन डोळे मिळून जी खोली जोखतात ती एकट्या डोळ्याला तशी साधत नाही, आणि पुढे कधी चांगल्या डोळ्याला इजा झाली तर आधाराला दुसरा नसतो. पट्टी अगदीच सोसवत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचा थेंब घालून त्याची नजर धूसर करता येते. मध्यम विकारात २००२च्या चाचणीत त्याचा गुण पट्टीच्या जवळपास आला. त्याने बाहुली विस्फारते आणि ऊन खुपते, म्हणून निवड डॉक्टरांसोबत करावी.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. सगळे तासांवरच असेल, तर नजर न सुधारल्याचे खापर पुन्हा आईच्याच डोक्यावर फुटणार नाही का? मी म्हणते ते नेमके याच्या उलट. जे काम म्हणून मोजले जाते त्याचीच वाटणी होऊ शकते. नुसती माया समजले की ते एकटीच्या गळ्यात पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात, तिथे विकार सापडू शकतो. पण सापडल्यानंतरचे महिने घरातच काढायचे असतात. तेव्हा डॉक्टरांनी ‘पट्टी लावता ना?’ असे न विचारता ‘कालचे तास कुणी, कधी भरले?’ असे विचारावे. शेतावर किंवा पाळीवर जाणाऱ्या आईवडिलांना सकाळ जमत नसेल, तर बालवाडीच्या बाईंना दोन तास सोपवता येतील का, हे चिठ्ठी लिहितानाच ठरवावे. हे टिकवणेही लागते, कारण उपचार थांबल्यावर वर्षभरात साधारण चौघांपैकी एका मुलाची नजर पुन्हा घसरते, आणि पट्टी जास्त झाली तर क्वचित चांगला डोळाही मंदावतो. तपासणी चुकवून चालत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक भरलेल्या तासाला मुलाच्या हाताने एक खूण करून घ्यावी आणि पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे. काही दिवस रिकामे असतील. त्या रिकाम्या घरांवरूनच पुढची मात्रा ठरवता येईल, पण त्यासाठी ती लपवावीशी वाटू नयेत, असे वातावरण दवाखान्याने द्यायला हवे.