मागे न फिरणारा तरंग

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि त्यांच्या लांबीत पडणारा प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पट लहान फरक टिपायचा आहे. एवढ्या मोठ्या यंत्राला सतत छळणारा प्रश्न मात्र तोच, जो आपल्या फोनमधल्या सर्किट बोर्डालाही छळतो: निघालेला तरंग नको तिथून मागे तर फिरणार नाही ना?

बोर्डावर तांब्याची बारीक पट्टी असते, तिला ट्रेस म्हणतात. तिच्यातून विद्युत तरंग नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. समजा, ट्रेसचा इम्पिडन्स, म्हणजे तरंगाच्या व्होल्टेजचं त्याच्या प्रवाहाशी असलेलं गुणोत्तर, ५० ओहम आहे, दुसरं टोक पूर्ण उघडं आहे, आणि आपण अलीकडून १ व्होल्टचा तरंग सोडला. सर्किट पुरं झालेलंच नाही, तरीही २० मिलिअँपिअर प्रवाह निघतो! पुढे वाट बंद आहे हे तरंगाला अजून कळलेलंच नसतं. ट्रेसची रुंदी, तिच्याखालच्या तांब्याच्या थराचं अंतर आणि मधला पदार्थ, एवढ्यावरच त्याचा हिशेब चालतो. टोक उघडं असल्याची बातमी घेऊन तो परततो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. मग शून्याच्या जागी एक वाचला जाऊ शकतो.

टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावला, की तरंगाच्या लेखी ट्रेस कधी संपतच नाही. त्याची सारी ऊर्जा उष्णता होऊन विरते. हे टर्मिनेशन. रेझिस्टर १५० ओहमचा असेल, तर तरंगाची निम्मी उंची परत येते: दोन इम्पिडन्सची वजाबाकी भागिले बेरीज.

मला थक्क करतं ते पुढचं. प्रकाश हवेतून काचेत शिरतानाही हेच गणित लागू पडतं. १.५ अपवर्तनांकाच्या काचेवरून चार टक्के प्रकाश परततो, तो याच वजाबाकी-बेरजेमुळे. म्हणून काचेवर पाव तरंगलांबीचा लेप देतात.

लायगोत लेसरचा बहुतेक प्रकाश भुजांमधून फिरून लेसरकडेच परतू पाहतो. वाटेत एक अर्धपारदर्शक आरसा ठेवतात. त्याची पारदर्शकता आतल्या प्रकाशनाशाशी जुळवली, की आरशावरून उलटणारा आणि आतून गळणारा प्रकाश एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. लेसरकडे फारसं काही परतत नाही, आणि आत प्रकाश कित्येक पट साठतो. हीसुद्धा इम्पिडन्सची जुळणीच.

तरी काही प्रकाश आरशांवरून विखुरतोच. तो निर्वात नळीच्या भिंतीवर आदळला, तर भिंतीची थरथर सोबत घेऊन मुख्य झोतात परततो आणि गुरुत्वीय लहरीचा भास करून देऊ शकतो. म्हणून नळीच्या आत जागोजाग कडी बसवतात: भरकटलेला प्रकाश अडवून त्याला तिथेच संपवणारी.