‘वीस वर्षं’ म्हणजे नेमकी किती?

अंधेरी ते बोरिवलीच्या पट्ट्यात ‘पोर्ट’ म्हटलं की बहुतेकांना गोव्याहून सामानात घालून आणलेली जांभळट, गोडमिट्ट बाटली आठवते. बर्फ घालून प्यायची, नाताळात पाहुण्यांपुढे ठेवायची. त्या गोडाची चेष्टा करणारे खूप आहेत. मी त्यांच्यातला नाही, बंगलोर ब्लू द्राक्षांचा तो उग्र वास अनेकांच्या तरुणपणाचा वास आहे. पण पोर्तुगालच्या दोउरो नदीच्या खोऱ्यात जी पोर्ट होते, आणि त्यातही लाकडी पिंपात मुरवलेली टॉनी, तिचं या बाटलीशी नातं जवळपास आडनावापुरतंच.

टॉनी आपल्याकडे येते ती मुख्यतः विमानाने. परदेशातून परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. त्यामुळे लंडनचा भाचा किंवा लिस्बनला कामानिमित्त गेलेली मैत्रीण सहारच्या विमानतळावर उतरते, तेव्हा व्हिस्कीऐवजी अशी एखादी बाटली आणायला सांगायला हरकत नसते. रीतसर आयात झालेली बाटली वाइनवरच्या जबर आयातशुल्कामुळे दुकानात इतकी महाग पडते की हात मागे येतो. आणि मग प्रश्न उभा राहतो: लेबलावर १०, २०, ३०, ४० असे आकडे आहेत, तर मागवायची कुठली?

आधी पोर्ट होते कशी ते पाहू. द्राक्षांचा रस फसफसू लागला की दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांचंच ७७ टक्क्यांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, फसफस थांबते, साखर तशीच राहते आणि पेय २० टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचतं. इथून दोन वाटा फुटतात. मोठ्या टाक्यांत, हवेपासून जपून ठेवली तर ती रूबी; लाल, फळाळ, तरुण. आणि साडेपाचशे-सहाशे लिटरच्या लहान पिंपांत वर्षानुवर्षं ठेवली तर टॉनी. ही पिंपं मुद्दाम जुनी घेतात. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास इथे कुणालाच नको असतो. लाकूड हवं ते चव द्यायला नव्हे, फटींतून हळूहळू हवा आत सोडायला. दर वर्षी दोनेक टक्के वाइन उडून जाते. जे उरतं त्यात साखर, आम्ल, वास सगळं दाट होत जातं. लाल रंग तळाशी बसतो आणि वरचा रस विटकरी, मग तांबूस, मग अंबरासारखा होतो.

आता त्या आकड्याकडे. २० लिहिलेल्या बाटलीतली प्रत्येक धार वीस वर्षांची असते, असं समजून लोक पैसे मोजतात. तसं नसतं. त्यात बारा-चौदा वर्षांची तजेलदार वाइन असू शकते आणि तिच्या शेजारी तीस-चाळीस वर्षांची काळपट, मुरलेली. घाटकोपरचा जुना चहावाला दर मोसमाची पत्ती बदलली तरी दोन-तीन बागांचा माल असा मिसळतो की गिऱ्हाईकाला आपला नेहमीचाच चहा मिळाल्याचं वाटतं. पोर्टच्या कोठारातला मिश्रणकार तेच काम पिंपांवर करतो. तयार झालेलं मिश्रण पोर्तुगालच्या दोउरो-पोर्तो वाइन संस्थेकडे जातं, तिथलं चाखणारं मंडळ ते वीस वर्षांच्या टॉनीसारखं लागतं का ते ठरवतं, मगच बुचावरची हमीची कागदी पट्टी मिळते. म्हणजे आकडा चवीचा आहे, जन्मदाखल्याचा नाही. जन्मदाखला हवा असेल त्यांच्यासाठी कोल्हेता असते: एकाच सालची, किमान सात वर्षं लाकडात काढलेली, लेबलावर साल छापलेली.

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतल्या एका मित्राकडे या चारही बाटल्या शेजारी शेजारी उघडायचा योग आला. मुंबईत पहिली अडचण तापमानाची. पोर्ट ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी असं पुस्तकं सांगतात, पण ती खोली इंग्लंडमधली असते. आपल्या तीस अंशांत नाकात नुसतं अल्कोहोल शिरतं. तासभर फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढली की ती बोलू लागते. दुसरं, पेला. आपल्याकडे पोर्टसाठी अंगठ्याएवढे पेले काढतात. त्यात नाक जात नाही, आणि इथे अर्धं काम नाकाचं आहे. साधा वाइनचा ग्लास घ्यावा, तळाशी दोन बोटंच ओतावी आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरावा.

कागदावर पहिल्यांदा फरक कळतो. दहाच्या मध्यात अजून लाली आहे, कडेला विटकरी. वीस तांबूस. तीसमध्ये लाल शोधावा लागतो. चाळीसच्या कडेला तर हिरवट झाक येते, पितळी भांड्यावर येते तशी. वासात दहा ही सुकी आलुबुखार, मनुका आणि थोडं कॅरमेल. वीसला फळ मागे सरकतं आणि अक्रोड, भाजलेले बदाम, संत्र्याची साल, जायफळ पुढे येतं. पण मागे सरकलेलं फळ अजून आहे, आणि तीच तिची खुबी. तीस आणखी गोड वाटते, कारण पाणी उडालंय. सुकं अंजीर, मध, आणि टोकाला आम्लाची धार. चाळीस घोटभर घेतली तर जिभेवरून हलत नाही. काही चाळीसच्या बाटल्यांत नेलपॉलिशसारखा झणका असतो. जुन्या पिंपातल्या उडत्या आम्लांचा तो परिणाम. जाणकार त्यावर फिदा असतात. मित्राच्या सासूबाईंनी एकदाच वास घेतला आणि म्हणाल्या, “ही पॉलिशच्या दुकानातली दिसते!” मला त्यांचं पटलं.

दहा आणि वीसमधलं अंतर कुणालाही, पहिल्यांदा चाखणाऱ्यालाही, कळतं. वीस आणि तीसमधलं अंतर कळायला शेजारी शेजारी ठेवावं लागतं. युरोपात वीसची किंमत दहाच्या साधारण दुप्पट असते, चाळीसची पाच-सहा पट. लंडनच्या भाच्याला मी निःशंकपणे वीस आणायला सांगेन. चाळीस कुणी पाजली तर प्यावी.

त्याच टेबलावर घरची मनुकांची वाइनही होती. ईस्ट इंडियन घरांत नाताळाच्या आधी काळ्या मनुका, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू बरणीत घालून ती करतात, एकवीस दिवसांनी गाळतात आणि रंगासाठी पुष्कळदा साखर जाळून घालतात. वेगळ्या कुळाची वस्तू आहे, तरी कपाटात मागे राहून गेलेल्या अशा एका जुन्या बाटलीत टॉनीचा अक्रोडी वास स्पष्ट आला. बुचाशेजारून हवा आत शिरत राहिली होती, एवढंच.

इथे ‘पोर्तुगीज वारसा’ म्हणून गहिवरायचा मोह होतो. मंडपेश्वरच्या लेण्यांवर सोळाव्या शतकात मठ उभारणाऱ्या फ्रान्सिस्कन पाद्रीचं नावसुद्धा आंतोनियो दो पोर्तो. पण तारखा जुळत नाहीत. साष्टी बेट मराठ्यांच्या मोहिमेत पोर्तुगिजांच्या हातून गेलं, वसई १७३९ मध्ये पडली; आणि दोउरोच्या सीमा मार्किस द पोंबालने आखल्या १७५६ मध्ये. पोर्टला आजचं रूप यायच्या आधीच ते इथून गेले होते. पाव ठेवून गेले, टॉनी नव्हे.

बाटली हातात आली की मागचं लेबल वाचावं. तिथे बाटलीबंद केल्याचं वर्ष असतं. टॉनी काचेत सुधारत नाही. जे व्हायचं ते लाकडात होऊन जातं, म्हणून अलीकडचं वर्ष चांगलं. दोउरोच्या तापलेल्या वरच्या खोऱ्यात मुरलेल्या वाइनला भाजका वास लागतो, म्हणून व्यापारी पिंपं नदीतून खाली, समुद्राजवळच्या थंड विला नोवा द गायाला आणून ठेवत. मुलुंडच्या फ्लॅटमधला माळा मे महिन्यात त्या खोऱ्याहून वाईट. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजच्या दारात उभी ठेवली तर महिनाभर, बहुधा त्याहून जास्तही, छान राहते. सोबत चॉकलेट नको, ते रूबीचं जोडीदार. टॉनीला अक्रोड द्यावेत, नाहीतर फार गोड नसलेली अंजीर बर्फी.